सर जेम्स मॅकिंटॉश यांची मुंबईतील सात वर्षे : एका 'अपूर्ण' कारकिर्दीचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

सर जेम्स मॅकिंटॉश (१७६५–१८३२) हे नाव आज सर्वसामान्य मराठी वाचकाला फारसे परिचित नाही. मुंबईच्या फोर्ट विभागातील टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात जाणाऱ्या अभ्यासकाला ते कुठेतरी वाचल्यासारखे वाटते, एवढेच. इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचा उल्लेख एडमंड बर्क यांना उत्तर देणारा तरुण लेखक म्हणून येतो. ब्रिटिश संसदेच्या इतिहासात फौजदारी कायद्याच्या सुधारणेचा पुरस्कर्ता म्हणून येतो. मुंबईच्या इतिहासात 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे' या संस्थेचे संस्थापक म्हणून येतो. हे तिन्ही उल्लेख एकाच माणसाचे आहेत, ही जाणीव मात्र क्वचितच एकत्रितपणे व्यक्त होते.

मॅकिंटॉश यांच्याविषयीच्या इंग्रजी लेखनात एक सूर सातत्याने आढळतो. अलौकिक बुद्धी, अफाट वाचन आणि मोहक संभाषणकौशल्य लाभलेल्या या माणसाने आपल्या योग्यतेला साजेसे काही निर्माण केले नाही, असा तो सूर आहे. या कथनात १८०४ ते १८११ हा मुंबईतील कालखंड म्हणजे 'वाया गेलेली वर्षे' ठरतो. प्रस्तुत लेखात या मूल्यमापनाची चिकित्सा करावयाची आहे. मॅकिंटॉश यांच्या कारकिर्दीत जे खरोखर टिकले त्याचा बराचसा भाग याच सात वर्षांत घडला, असे येथे प्रतिपादन आहे. त्याचबरोबर या कार्याच्या मर्यादाही स्पष्टपणे नोंदविणे आवश्यक आहे, कारण गौरवाच्या भरात त्या झाकल्या गेल्या तर मूल्यमापन पुन्हा एकांगीच राहील.

जडणघडण : वैद्यकाकडून विधीकडे

मॅकिंटॉश यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७६५ रोजी स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसजवळ, लॉक नेस सरोवराच्या काठी असलेल्या ऑल्डोरी येथे झाला. ॲबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे धर्मोपदेशक म्हणून प्रसिद्धी पावलेले रॉबर्ट हॉल हे तेथे त्यांचे सहाध्यायी व मित्र होते. त्यानंतर त्यांनी एडिंबरो येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १७८७ मध्ये पदवी मिळविली. स्कॉटिश प्रबोधनाचा तो बहराचा काळ होता. ॲडम स्मिथ आणि ॲडम फर्ग्युसन हयात होते, डेव्हिड ह्यूम यांचा प्रभाव ताजा होता. समाज, अर्थव्यवहार व नीती यांचा निरीक्षणाच्या आधारे अभ्यास करता येतो, ही या प्रबोधनाची श्रद्धा मॅकिंटॉश यांच्यात कायमची रुजली. मुंबईत त्यांनी पुढे जे केले त्याचे बीज येथेच आहे.

१७८८ मध्ये ते लंडनला आले. वैद्यकीच्या व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. राजकारण, वृत्तपत्रलेखन आणि वादसभा यांनी त्यांना ओढून घेतले. बर्क यांचा फ्रेंच राज्यक्रांतीवरील प्रसिद्ध टीकाग्रंथ १७९० मध्ये बाहेर पडला आणि १७९१ मध्ये मॅकिंटॉश यांनी 'विंडिसिए गॅलिसी' हा ग्रंथ लिहून क्रांतीचे समर्थन केले. बर्क यांना दिल्या गेलेल्या उत्तरांत टॉमस पेन यांचे उत्तर अधिक लोकप्रिय ठरले, परंतु सुशिक्षित व्हिग वर्तुळात मॅकिंटॉश यांच्या युक्तिवादाची वाखाणणी झाली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते नामवंत झाले. १७९२ मध्ये फ्रान्सने ज्या परदेशीय हितचिंतकांना मानद नागरिकत्व दिले त्यांत त्यांचाही समावेश होता. संसदीय सुधारणेसाठी स्थापन झालेल्या 'फ्रेंड्स ऑफ द पीपल' या मंडळाचे ते सचिव होते. १७९५ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

मतांतराचा प्रश्न

यानंतर त्यांच्या चरित्रातील सर्वाधिक वादग्रस्त प्रकरण येते. क्रांतीने दहशतीचे रूप घेतल्यावर मॅकिंटॉश यांचा भ्रमनिरास झाला. १७९६ च्या अखेरीस त्यांनी मृत्युपंथाला लागलेल्या बर्क यांची भेट घेतली व त्यांच्याविषयीचा आदर उघडपणे व्यक्त केला. १७९९ मध्ये लिंकन्स इन येथे त्यांनी 'निसर्गाचा व राष्ट्रांचा कायदा' या विषयावर व्याख्यानमाला दिली. तीत अमूर्त तत्त्वांवर समाजाची पुनर्रचना करू पाहणाऱ्या विचारवंतांवर त्यांनी कठोर टीका केली. विल्यम गॉडविन यांना हा आघात जिव्हारी लागला. श्रोत्यांत विल्यम हॅझलिट होते. १८२५ साली प्रसिद्ध झालेल्या 'द स्पिरिट ऑफ द एज' या संग्रहात त्यांनी मॅकिंटॉश यांच्यावर स्वतंत्र निबंध लिहिला. मॅकिंटॉश यांचे ज्ञान विपुल व सुव्यवस्थित आहे, पण ते स्वयंभू नाही, असा त्यांचा आशय होता. कोलरिज यांनी तर मॅकिंटॉश यांच्यावर बोचरी उपहासिका रचली. १८०३ मध्ये ॲडिंग्टन यांच्या मंत्रिमंडळाकडून त्यांनी मुंबईच्या रेकॉर्डरचे पद स्वीकारले, तेव्हा 'मते विकून पद घेतले' असा आरोप करणाऱ्यांना पुरावाच मिळाल्यासारखे वाटले.

हा आरोप कितपत टिकतो? येथे तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. पहिली अशी की, मतांतर करणारे मॅकिंटॉश एकटे नव्हते. त्यांच्यावर उपहासिका लिहिणारे कोलरिज स्वतः पुढे क्रांतीच्या समर्थनापासून कितीतरी दूर गेले. दुसरी गोष्ट म्हणजे मतांतरानंतरही मॅकिंटॉश यांनी वाणीस्वातंत्र्याची बाजू सोडली नाही. फेब्रुवारी १८०३ मध्ये झाँ पेल्तिए या फ्रेंच निर्वासित पत्रकारावर बोनापार्टच्या बदनामीबद्दल लंडनमध्ये खटला चालला. त्यात मॅकिंटॉश यांनी बचावाचे भाषण केले. ब्रिटनचे सरकार फ्रान्सशी झालेला तह सांभाळण्यासाठी हा खटला चालवीत होते, म्हणजे बचाव करणे सरकारच्या सोयीचे नव्हते. पेल्तिए दोषी ठरले, परंतु युद्ध पुन्हा पेटल्याने शिक्षेची वेळ आली नाही. या भाषणाचा फ्रेंच अनुवाद मादाम द स्ताल यांनी केला. वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात त्याला आजही स्थान आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक आहे. १८१२ च्या एप्रिल महिन्यात मॅकिंटॉश मुंबईहून मायदेशी परतले, तेव्हा पंतप्रधान पर्सिव्हल यांनी त्यांना संसदेतील जागा व पुढील उत्कर्षाची संधी देऊ केली. मॅकिंटॉश यांना पैशाची चणचण होती, प्रकृती ढासळली होती. तरीही त्यांनी नकार दिला, कारण कॅथलिकांना समान नागरी हक्क देण्यास पर्सिव्हल यांचा विरोध होता. पदासाठी मत बदलणारा मनुष्य या क्षणी असा वागला नसता. १८३५ मध्ये 'एडिंबरो रिव्ह्यू'त लिहिलेल्या निबंधात मेकॉले यांनी मॅकिंटॉश यांची बाजू जोरकसपणे मांडली. क्रांतीच्या उत्साहाच्या आणि तिच्या धास्तीच्या लाटा ओसरल्यावर ते पुन्हा मध्यममार्गी स्वातंत्र्यवादाकडे स्थिरावले, हा मेकॉले यांच्या विवेचनाचा गाभा पुराव्याशी सुसंगत वाटतो.

रेकॉर्डरचे न्यायालय आणि मृत्युदंड

मॅकिंटॉश मे १८०४ मध्ये मुंबईत पोहोचले. जोनाथन डंकन हे त्या वेळी गव्हर्नर होते. परळ येथील गव्हर्नरांचे निवासस्थान त्यांनी मॅकिंटॉश यांना राहण्यासाठी दिले. मुंबईतील रेकॉर्डर्स कोर्ट १७९८ मध्ये जुन्या मेयर्स कोर्टाच्या जागी स्थापन झाले होते आणि सर विल्यम सायर यांच्यानंतरचे मॅकिंटॉश हे दुसरे रेकॉर्डर होत. या न्यायालयाची जागा पुढे १८२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने व १८६२ मध्ये उच्च न्यायालयाने घेतली. म्हणजे आजच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्वपरंपरेतील हे एक महत्त्वाचे पर्व आहे.

या न्यायासनावरून मॅकिंटॉश यांनी केलेली सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणजे मृत्युदंडाविना चालविलेले सात वर्षांचे फौजदारी न्यायदान. जुलै १८११ मध्ये ग्रँड ज्युरीसमोर केलेल्या निरोपाच्या भाषणात त्यांनी स्वतःच त्याचा हिशेब मांडला. तुलनेसाठी त्यांनी मे १७५६ ते मे १७६३ हा आधीचा सात वर्षांचा कालखंड घेतला. त्या काळात देहान्ताच्या शिक्षेस पात्र अशा १४१ दोषसिद्धी झाल्या होत्या व ४७ जणांना प्रत्यक्ष फाशी देण्यात आली होती. मे १८०४ ते मे १८११ या त्यांच्या स्वतःच्या कालखंडात अशा १०९ दोषसिद्धी झाल्या आणि एकालाही फाशी दिली गेली नाही. वार्षिक सरासरी काढली तर पहिल्या कालखंडात सुमारे वीस, तर दुसऱ्यात पंधरा ते सोळा गुन्हे येतात. दरम्यानच्या पन्नास वर्षांत मुंबई बेटाची लोकसंख्या दुपटीहून अधिक झाली होती. जुन्याच प्रमाणात गुन्हे घडले असते तर ही सरासरी चाळिसाच्या घरात जावयास हवी होती, असे मॅकिंटॉश यांनी दाखवून दिले. सुमारे दोन लाख लोकांवर सात वर्षे फाशीविना राज्य चालविता येते व तरीही गुन्हे वाढत नाहीत, असा निष्कर्ष त्यांनी ज्युरीपुढे ठेवला.

या विधानाचे महत्त्व ओळखण्यासाठी त्या काळाचे भान ठेवावे लागते. त्या वेळी इंग्लंडच्या कायद्यात दोनशेहून अधिक अपराधांना देहान्ताची शिक्षा होती. दुकानातून किरकोळ किमतीची वस्तू चोरल्याबद्दलही फाशीची तरतूद होती. इटालियन विचारवंत बेकारिया यांनी १७६४ मध्ये मृत्युदंडाविरुद्ध तात्त्विक मांडणी केली होती आणि सॅम्युअल रोमिली यांनी संसदेत या कायद्यांविरुद्ध लढा नुकताच सुरू केला होता. तथापि आकडेवारीच्या आधारे एका विशिष्ट नगरातील अनुभव मांडणारे न्यायाधीश विरळा होते. शिक्षेची परिणामकारकता हा अंदाजाचा किंवा भीतीचा विषय नसून मोजता येण्याजोगा विषय आहे, ही दृष्टी येथे आढळते. स्कॉटिश प्रबोधनाचे संस्कार न्यायासनावर बसले की काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि चिकित्सक वाचकाने हा हिशेब जसाच्या तसा स्वीकारू नये. त्यावर किमान चार आक्षेप संभवतात. पहिला आक्षेप असा की, दोषसिद्धीचे आकडे म्हणजे गुन्ह्यांचे आकडे नव्हेत. पोलीस व्यवस्था, तक्रार करण्याची प्रवृत्ती आणि न्यायालयाचे स्वरूप हे सर्वच या दोन कालखंडांत वेगळे होते. दुसरा आक्षेप लोकसंख्येविषयी आहे. मुंबईची पहिली पद्धतशीर जनगणना १८६४ मधील असल्याने त्याआधीचे आकडे अंदाजाचेच होते. तिसरा आक्षेप शिक्षेच्या पर्यायांबाबत आहे. फाशी टळली म्हणजे शिक्षा सौम्य झाली असे नव्हे. काळ्या पाण्याची हद्दपारी व शारीरिक शिक्षा त्या काळात प्रचलितच होत्या.

चौथा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे. इंग्लंडमधील फौजदारी कायद्यावर मॅकिंटॉश यांचा मुख्य आरोप असा होता की, कायद्याच्या पुस्तकात एक शिक्षा असते व प्रत्यक्षात दुसरीच होते, त्यामुळे कोणाला फाशी होईल व कोणाला नाही हे न्यायाधीशाच्या मर्जीवर ठरते. मुंबईत त्यांनी स्वतः जे केले ते याच मर्जीचा विस्तार नव्हते काय? कायदा तसाच राहिला, केवळ तो राबविणारा न्यायाधीश दयाळू होता. त्यांच्यानंतर येणारा न्यायाधीश तसाच असेल याची हमी कुठेही नव्हती. शिवाय ज्या दोन लाख लोकांवर हा प्रयोग झाला त्यांना त्याविषयी मत देण्याची कोणतीही सोय नव्हती. लंडनमध्ये जे करणे मॅकिंटॉश यांना शक्य झाले नसते ते मुंबईत शक्य झाले, कारण वसाहतीतील न्यायाधीशावर लोकमताचा धाक नव्हता. त्या सत्तेचा उपयोग येथे दयेसाठी झाला, परंतु तीच सत्ता क्रौर्यासाठीही वापरता आली असती.

मॅकिंटॉश यांना या विसंगतीची काहीच जाणीव नव्हती, असे म्हणता येणार नाही. मुंबईच्या पोलीस अधीक्षकाला त्या वेळी रीतसर खटल्याविना फटके व सक्तमजुरी देण्याचा अधिकार असल्याचे मानले जात असे. मॅकिंटॉश यांनी हा अधिकार कायद्याला धरून नसल्याचे मत १८११ मध्ये सरकारपुढे मांडले. त्यानंतर १८१२ मध्ये पोलीस व्यवस्थेची नियमबद्ध पुनर्रचना झाली. कायद्याविना शिक्षा नाही, हे तत्त्व एतद्देशीय रहिवाशालाही लागू पडते, असा आग्रह त्यामागे होता. म्हणून त्यांच्या दयेकडे केवळ स्वभावविशेष म्हणून न पाहता तिला विधिविषयक विचाराची जोड होती हे मान्य करावे लागते. विवेकाधिकार आणि मृत्युदंड यांचे नाते हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या बचनसिंग खटल्यात 'दुर्मिळातील दुर्मीळ' हा निकष घालून दिला. त्यानंतरही या निकषाच्या असमान वापराबद्दल कायदेपंडितांत चर्चा चालूच आहे.

लिटररी सोसायटी : ज्ञानाची संस्था आणि तिचा उंबरठा

मुंबईत पोहोचल्यावर अवघ्या सहा महिन्यांत, २६ नोव्हेंबर १८०४ रोजी, मॅकिंटॉश यांनी परळ येथे 'लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे'ची स्थापना केली. ते अध्यक्ष झाले व विल्यम अर्स्किन हे सचिव झाले. बाबराच्या आत्मचरित्राच्या इंग्रजी भाषांतरामुळे पुढे ख्यातनाम झालेले अर्स्किन हे नंतर मॅकिंटॉश यांचे जामातही झाले. कलकत्त्यात सर विल्यम जोन्स यांनी १७८४ मध्ये स्थापन केलेली एशियाटिक सोसायटी हा आदर्श डोळ्यांसमोर होता. परंतु जोन्स आणि मॅकिंटॉश यांच्या दृष्टीत एक फरक आहे. जोन्स हे संस्कृत व फार्सीचे अभ्यासक होते आणि त्यांचा भर प्राचीन ग्रंथांवर होता. मॅकिंटॉश हे प्राच्यविद्येचे पंडित नव्हते. उद्घाटनाच्या व्याख्यानात त्यांनी प्राचीन विद्येचा गौरव केला, पण त्याच्या जोडीला सृष्टिविज्ञान, लोकसंख्या, जन्ममृत्यूचे प्रमाण, मजुरी, वस्तूंचे भाव अशा वर्तमान समाजविषयक नोंदी गोळा करण्याचा आग्रह धरला. परदेशी राहणाऱ्या प्रत्येक सुशिक्षित माणसाने आपल्या निरीक्षणांची भर सामायिक ज्ञानात घातली पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. समाजशास्त्रीय सर्वेक्षण हा शब्दप्रयोगही नसलेल्या काळातील ही मांडणी आहे.

याच भूमिकेतून १८०६ मध्ये त्यांनी हिंदुस्थानातील भाषांच्या तुलनात्मक शब्दसंग्रहाची योजना सोसायटीपुढे मांडली. सर्व भाषांतील ठराविक शब्द एकाच पद्धतीने गोळा करावेत, म्हणजे भाषांचे परस्परसंबंध व त्यांच्या सीमा कळतील, अशी ती कल्पना होती. ती त्या वेळी पूर्णत्वास गेली नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण पूर्ण व्हावयास विसावे शतक उजाडावे लागले, तथापि पद्धतीचा विचार शंभर वर्षे आधी मुंबईत मांडला गेला होता, हे मराठीच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावयास हवे.

मॅकिंटॉश मुंबईबाहेरही हिंडले. १८०५ मध्ये ते पुण्यास गेले व दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना भेटले. वसईच्या तहाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि पुण्याच्या दरबारात इंग्रज रेसिडेंटचा शब्द चालत होता. या प्रवासाच्या नोंदी त्यांचे पुत्र रॉबर्ट जेम्स मॅकिंटॉश यांनी १८३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांच्या चरित्रग्रंथात आहेत. मराठेशाहीच्या अखेरच्या पर्वाचा अभ्यास करणाऱ्यांना त्या उपयुक्त ठराव्यात.

सोसायटीच्या मर्यादा मात्र ठळक आहेत. ती एतद्देशीयांविषयी ज्ञान गोळा करणारी, पण एतद्देशीयांना सभासदत्व न देणारी संस्था होती. मुंबईत त्या काळी शास्त्री, मुनशी, पारशी व्यापारी व विद्वान यांची वाण नव्हती. ते माहितीचे स्रोत मानले गेले, सहअभ्यासक मानले गेले नाहीत. माणकजी कर्सेटजी यांच्या रूपाने पहिला भारतीय सभासद स्वीकारला जाण्यास १८४० साल उजाडावे लागले. स्थापनेपासून छत्तीस वर्षे हा उंबरठा ओलांडता आला नाही, ही वस्तुस्थिती संस्थापकाच्या उदारमतवादाच्या सीमा दाखविते. ज्या तत्त्वचिंतकाने मानवी नीतिबुद्धीच्या सार्वत्रिकतेवर लिहिले त्याला आपल्या अवतीभवतीच्या माणसांशी बरोबरीच्या नात्याने चर्चा करण्याची कल्पना सुचली नाही, याची नोंद करणे इष्ट आहे.

परंतु संस्थेचे मोल केवळ संस्थापकाच्या हेतूने ठरत नाही. लिटररी सोसायटीचे शोधनिबंध १८१९ ते १८२३ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झाले. १८३० च्या सुमारास ती रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली. त्याच संस्थेत पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी शिलालेखांवर निबंध वाचले आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी संशोधन मांडले. विसाव्या शतकात महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी तिच्याच ग्रंथसंपदेच्या आश्रयाने धर्मशास्त्राच्या इतिहासाचे काम केले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. या घटनेतील संगती अर्थपूर्ण आहे. रेकॉर्डर्स कोर्टाच्या न्यायाधीशाने स्थापिलेल्या संस्थेचे अध्यक्षपद त्या न्यायालयाच्या वारस उच्च न्यायालयातील एका मराठी न्यायाधीशाकडे आले. ज्यांना उंबरठ्याबाहेर ठेवले होते त्यांनीच ती संस्था आपली केली व तिला प्रतिष्ठा दिली.

संसदीय कार्य : अपयशाचे स्वरूप

१८१३ मध्ये मॅकिंटॉश नेर्न मतदारसंघातून संसदेत गेले व १८१८ पासून मृत्यूपर्यंत नेर्सबरोचे प्रतिनिधी होते. १८१८ ते १८२४ या काळात त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या हेलिबरी येथील महाविद्यालयात विधी व राज्यशास्त्र शिकविले. हिंदुस्थानात येणारे अनेक मुलकी अधिकारी या काळात त्यांचे विद्यार्थी होते. १८२२ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या रेक्टरपदी त्यांची निवड झाली.

१८१८ मध्ये रोमिली यांच्या मृत्यूनंतर फौजदारी कायद्याच्या सुधारणेचे नेतृत्व मॅकिंटॉश यांच्याकडे आले. २ मार्च १८१९ रोजी या विषयावर समिती नेमण्याचा त्यांचा प्रस्ताव सरकारचा विरोध असूनही १९ मतांच्या बहुमताने संमत झाला. १८२० मध्ये त्यांनी आणलेल्या सहा विधेयकांपैकी तीन संमत झाली. १८२२ मध्ये पुढील अधिवेशनात कायद्याची कठोरता कमी करण्याचा विचार व्हावा, हा त्यांचा ठराव ११७ विरुद्ध १०१ मतांनी मंजूर झाला. १८२३ मध्ये त्यांनी मांडलेले नऊ ठराव मात्र गृहमंत्री रॉबर्ट पील यांच्या विरोधामुळे फेटाळले गेले. त्यानंतर पील यांनी स्वतःच सुधारणा हाती घेतली आणि तिचे श्रेय इतिहासाने बहुतांशी पील यांना दिले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. मुंबईत सात वर्षे फाशी न देणाऱ्या मॅकिंटॉश यांनी संसदेत मृत्युदंडाच्या संपूर्ण निर्मूलनाची मागणी केली नाही. मालमत्तेविरुद्धच्या अपराधांपुरतीच त्यांची मोहीम मर्यादित होती. न्यायाधीश म्हणून जे धैर्य त्यांनी दाखविले ते लोकप्रतिनिधी म्हणून दाखविले नाही, असे कोणी म्हणेल. पण याचा दुसराही अर्थ लावता येतो. कायदा बदलावयाचा तर बहुमत जमवावे लागते आणि बहुमत जमवायचे तर मागणी आवाक्यातील ठेवावी लागते, हे त्यांना उमगले होते. एकट्या न्यायाधीशाची दया त्याच्या निवृत्तीबरोबर संपते, संसदेने रद्द केलेली शिक्षा मात्र पुढच्या न्यायाधीशालाही देता येत नाही. मुंबईच्या प्रयोगातील जी उणीव वर दाखविली आहे तिचे निराकरण करण्याचा प्रयत्न म्हणूनच त्यांच्या संसदीय कार्याकडे पाहणे अधिक न्याय्य होईल.

अपुरे ग्रंथ

मॅकिंटॉश यांच्यावरील सर्वांत मोठा आक्षेप ग्रंथलेखनाबद्दल आहे. इंग्लंडच्या १६८८ च्या क्रांतीचा इतिहास लिहिण्याचा त्यांचा संकल्प आयुष्यभर रेंगाळला. त्यासाठी त्यांनी अफाट टिपणे जमविली. ग्रंथ अपुराच राहिला व मृत्यूनंतर १८३४ मध्ये प्रसिद्ध झाला. नीतिशास्त्राच्या प्रगतीवरील त्यांचा प्रबंध १८३० चा आहे. त्यावर जेम्स मिल यांनी १८३५ मध्ये एक संपूर्ण पुस्तक लिहून कठोर हल्ला चढविला. मात्र चार्ल्स डार्विन यांना याच प्रबंधातील नैतिक जाणिवेविषयीचे विवेचन महत्त्वाचे वाटले व 'द डिसेंट ऑफ मॅन' या १८७१ च्या ग्रंथात त्यांनी त्याचा आधार घेतला. मॅकिंटॉश यांच्या दुसऱ्या पत्नी वेजवुड कुटुंबाच्या नात्यातील असल्याने तरुण डार्विन यांना त्यांच्या सहवासाचा लाभ झाला होता. तसेच त्यांनी जमविलेल्या ऐतिहासिक टिपणांचा मेकॉले यांनी आपल्या इंग्लंडच्या इतिहासासाठी भरपूर उपयोग करून घेतला.

म्हणजे ज्याला अपूर्णता म्हटले जाते ती इतरांच्या पूर्ततेची सामग्री ठरली. ग्रंथ हीच विद्वत्तेची एकमेव फलश्रुती मानली तर मॅकिंटॉश अयशस्वी ठरतात. परंतु संस्था उभारणे, पद्धती सुचविणे, आकडे नोंदविणे, शिकविणे आणि टिपणे मागे ठेवणे यांनाही विद्वत्तेच्या हिशेबात जागा दिली तर चित्र बदलते. आपल्याकडील महाविद्यालयीन जीवनातही अशी माणसे आढळतात. त्यांच्या नावावर ग्रंथांची लांबलचक यादी नसते, पण त्यांनी उभे केलेले ग्रंथालय व घडविलेले विद्यार्थी दोन पिढ्या पुरतात.

निष्कर्ष

३० मे १८३२ रोजी मॅकिंटॉश यांचे निधन झाले. ज्या संसदीय सुधारणेसाठी त्यांनी तरुणपणी 'फ्रेंड्स ऑफ द पीपल'मध्ये काम केले होते तिच्या विधेयकाला राजसंमती मिळाली ती ७ जून १८३२ रोजी, त्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या आठ दिवसांनी. अखेरच्या वर्षांत ग्रे यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्या वाट्याला आले ते हिंदुस्थानविषयक बोर्ड ऑफ कंट्रोलमधील एक दुय्यम पद. पदांच्या दृष्टीने पाहता त्यांची कारकीर्द खरोखरच अपेक्षेपेक्षा लहान राहिली.

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. मॅकिंटॉश यांच्यावरील मतविक्रीचा आरोप १८०३ चे पेल्तिए प्रकरण व १८१२ मधील त्यांचा नकार यांच्या कसोटीवर टिकत नाही. मुंबईतील त्यांचे मृत्युदंडविरहित न्यायदान हा न्यायाच्या इतिहासातील महत्त्वाचा दाखला आहे, परंतु तो विवेकाधिकारावर उभा असल्याने त्याला सुधारणा म्हणण्याऐवजी सुधारणेचा पुरावा म्हणणे अधिक अचूक ठरेल. लिटररी सोसायटी ही वसाहतवादी चौकटीत जन्मलेली व एतद्देशीयांना दूर ठेवणारी संस्था होती, तरीही तिच्या संग्रहातून आणि परंपरेतून पश्चिम भारतातील आधुनिक संशोधनाला आधार मिळाला.

स्वतः मॅकिंटॉश मुंबईतील वास्तव्याला हद्दपारीच समजत असत. लंडनच्या मित्रवर्तुळासाठी ते झुरत होते, येथील हवा त्यांना मानवत नव्हती. त्यांच्या चरित्रकारांनी व समकालीनांनी हीच भावना प्रमाण मानली आणि या वर्षांवर 'वाया गेली' असा शिक्का मारला. पण एखाद्या माणसाला आपल्या आयुष्यातील कोणती वर्षे सुखाची वाटली, हा एक प्रश्न आणि कोणती वर्षे फलद्रूप झाली, हा दुसरा प्रश्न. लंडनहून पाहणाऱ्यांना या दोहोंतील अंतर दिसले नाही. मुंबईहून पाहणाऱ्या अभ्यासकाला ते दिसावयास हवे.